तिसरी गोलरक्षक

कोच लिंडग्रेन आमच्या स्वयंपाकघरात बसल्या तेव्हा
बाहेर उणे एकवीस होतं.
त्यांच्या बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर लहानसं तळं झालं,
आणि आई ते पुसायला उठली नाही.

त्या म्हणाल्या, खेळासाठी आम्ही पैसे देत नाही,
आमच्या कॉलेजांमध्ये ती रीत नाही.
गरज असेल तर मदत देतो.
बाबांनी लगेच कराच्या कागदांची फाईल काढली.
गरज आमच्याकडे होती,
बारा वर्षांची, तारीखवार लावून ठेवलेली.
बाबा रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतात,
आणि दर एप्रिलला बर्फाबरोबर त्यांचा पगारही वितळतो.

माझ्या खेळाचे व्हिडिओ असलेला पेनड्राइव्ह
साखरेच्या डब्याला टेकून तसाच राहिला.
त्यांनी मार्कांचा कागद मागितला.
गणितात आठशेपैकी सातशे नव्वद.
हरवलेली किल्ली कोटाच्याच खिशात सापडावी
तशा त्या हसल्या.
आईला वाटलं, मुलीचं नशीब उघडलं.
उघडलं होतंच. फक्त कुणाचं, ते कळायला
मला ऑक्टोबर उजाडला.

संघाची एक सरासरी असते.
प्रवेश कचेरीत कुणीतरी बेरीज करतं, भागाकार करतं,
एक रेघ मारतं.
संघ रेघेखाली जाता कामा नये.

मायलेन गॅन्यों रेघेच्या बरीच खाली होती.
अबितिबीकडच्या खाणगावातली, घरी फ्रेंच, परीक्षा इंग्रजीत.
एका प्रश्नाच्या चार पर्यायांपैकी एक शब्द
तिने जन्मात ऐकला नव्हता,
उरलेले तीनही नव्हते.
पण तिच्या मनगटातून पक सुटला
की काचेमागचे लोक आधी मागे सरायचे,
आणि का सरलो ते त्यांना नंतर कळायचं.

तिचे कमी, माझे जास्त, भागिले दोन.
एकीच्या शेजारी दुसरी बांधली:
वाण नाही, पण गुण लागला.

चार हिवाळे मी बाकाच्या टोकाला बसले,
दाराशी. पाळी बदलली की दार उघडायचं,
आत आली की लावायचं.
अडवलेल्या फटक्यांची टक्केवारी प्रत्येक गोलरक्षकाच्या नावापुढे छापतात.
माझ्या नावापुढे एक आडवी रेघ.
आलेले फटके शून्य,
आणि शून्याने भागता येत नाही,
हे सातशे नव्वदवाल्या मुलीला सांगावं लागत नाही.

सरावात मात्र मायलेन रोज शंभर मारायची, माझ्यावरच.
तिचा उजवा खांदा किंचित पडला की पक वर येणार,
हे जगात दोघींनाच माहीत होतं,
मला आणि माझ्या गळपट्टीच्या हाडाला.

एकदा रात्री, हरून परतताना,
बसमध्ये सगळ्या झोपलेल्या असताना तिने विचारलं,
तुला माहीत होतं?
मी म्हटलं, पहिल्या वर्षापासून.
ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
मग फॉइल उलगडून तिने सँडविच मोडलं
आणि माझ्यापुढे धरलं.
बरोब्बर अर्धं.
मला हसू आलं. का, ते तिला समजावता येईना,
तिच्या भाषेतही नाही, माझ्याही.

या फेब्रुवारीत कोचनी एक मुलगी दाखवायला आणली.
वर्माँटची, सतराची, दातांना तारा. टेसा व्हॉरिस.
म्हणाल्या, आयली, हिला जरा कॅम्पस फिरवून आण.
वाचनालय दाखवलं, मेस दाखवली,
नदीही दाखवली, गोठलेलीच होती.
ती विचारत होती, दुसऱ्या वर्षी तरी
सामन्यात उभं राहायला मिळेल का?

मी विचारलं, गणितात किती?
आठशे, ती म्हणाली, अगदी सहज,
जणू मी तिच्या बुटाचं माप विचारलं होतं.

मी तिला बर्फावर नेलं. रिंक रिकामं होतं.
खांदा किंचित पाडून
मायलेनसारखा एक फटका मारला, वरच्या कोपऱ्यात.
तिने तो हातमोज्यात झेलला.
सुरेख.

आता सांगणं आणखी अवघड झालं.